इंजिनांची जोड लावताना

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी माझा भाचा लॅपटॉप घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या वर्कशॉपवर आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी लेथ बंद असतात, आवाज नसतो, चहा सांगितला की दहा मिनिटांत येतो, म्हणून त्याला तिथं बसायला आवडतं. "मामा, लई भारी इंजिन बनवलंय, बघा की," म्हणत त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली.

कर्बल स्पेस प्रोग्राम नावाचा एक गेम आहे. २०११ मध्ये तो पहिल्यांदा लोकांच्या हातात आला आणि एप्रिल २०१५ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. टाक्या, इंजिनं, पंख असे सुटे भाग जोडून आपलं रॉकेट आपणच बांधायचं आणि उडवायचं. त्यातलं गुरुत्वाकर्षण आणि इंधनाचा हिशेब बऱ्याच अंशी खऱ्यासारखा चालतो, त्यामुळं रॉकेट पडलं तर ते कारणानंच पडतं. शिवाय कुणालाही स्वतःचे भाग बनवून त्यात घालता येतात, त्याला मॉड म्हणतात. भाच्यानं असंच एक इंजिन बनवून त्याचं नाव 'पन्हाळा' ठेवलं होतं. जोर ३०० किलोन्यूटन, वजन १ टन, आयएसपी (म्हणजे काय ते पुढं येतंच) निर्वातात ४०० सेकंद आणि जमिनीवर ३८० सेकंद.

मी आकडे दोनदा वाचले आणि विचारलं, "आता बाकीची इंजिनं कुणी वापरायची?"

"कशाला वापरायची? हेच भारी आहे की."

पुढचे चार रविवार आम्ही या एका उत्तरावर घालवले. त्यातून मला जे कळलं ते इथं मांडतोय. गेम खेळणाऱ्यांना ते उपयोगी पडेलच, पण इस्रोचं रॉकेट तीन-तीन, चार-चार वेगवेगळ्या इंजिनांवर का उडतं हे ज्याला समजून घ्यायचंय त्यालाही पडेल.

आपल्या कोल्हापुरात कुस्ती बघत मोठं झालेल्याला 'जोड लावणं' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. खासबागेत मैदान भरतं तेव्हा कुणाची कुस्ती कुणाशी लावायची हे ठरवणाऱ्या माणसावर अर्धं मैदान अवलंबून असतं. जोड म्हणजे दोन एकसारखे पैलवान नव्हेत. एकजण उंच असतो, दुसऱ्याची पकड घट्ट असते. एकाचा दम मोठा, दुसऱ्याची चपळाई. मात्र दोघांकडंही जिंकायचा एकेक डाव असावा लागतो. एकतर्फी कुस्तीत लोक हलगी सुरू असतानाच उठून जातात. गेममधल्या इंजिनांचे आकडे जुळवणं, म्हणजे ज्याला खेळाडू 'बॅलन्सिंग' म्हणतात, ते मला जोड लावण्यासारखंच वाटतं. प्रत्येक इंजिनासाठी एक तरी काम असं असावं जिथं तेच बरोबर, आणि एक तरी असं जिथं ते साफ चुकीचं.

आधी आकड्यांचा अर्थ. जोर, म्हणजे थ्रस्ट, सोपा आहे. १ टन वजन नुसतं तोलून धरायला ९.८१ किलोन्यूटन लागतात. आयएसपी मात्र नावानं घाबरवतो आणि त्याचं माप सेकंदात असल्यानं आणखी गोंधळ होतो. त्याचा अर्थ एवढाच: १ किलो इंधन जाळून १ किलो वजनाइतका जोर किती सेकंद मिळेल? ३१० सेकंद मिळाला तर आयएसपी ३१०. मोटरसायकलचं जसं ॲव्हरेज, तसं रॉकेटचं हे.

यातून अंतराळातला खरा हिशेब निघतो, तो वेगाच्या शिदोरीचा. खेळाडू तिला डेल्टा-व्ही म्हणतात. टाकीतलं सगळं इंधन जाळून रॉकेट स्वतःचा वेग एकूण किती बदलू शकेल, तो आकडा. त्याचं सूत्र त्सिओल्कोव्स्की नावाच्या रशियन शाळामास्तरांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि आजही तेच चालतं. भरलेलं रॉकेट रिकाम्या रॉकेटच्या किती पट जड आहे ते काढा, त्या पटीचा नॅचरल लॉग (कॅल्क्युलेटरवरचं ln बटण) घ्या, त्याला आयएसपीनं आणि ९.८१ नं गुणा. झालं.

या लॉगमध्येच खरी गोम आहे. पट २ असेल तर लॉग ०.६९ येतो, ४ असेल तर १.३९, ८ असेल तर २.०८. म्हणजे वजन दरवेळी दुप्पट करत जा, पदरात पडतं ते मात्र दरवेळी तेवढंच, ०.६९. पन्हाळा ते पावनखिंड चालत गेलेल्यांना हे पाठीनं कळलेलं असतं. जास्त पाणी घेतलं की सॅक जड होते, जड सॅकमुळं तहान जास्त लागते आणि त्या तहानेला पुन्हा पाणी लागतं. रॉकेटमधलं बरंचसं इंधन हे उरलेलं इंधन उचलण्यातच खर्ची पडतं. म्हणून आयएसपी वाढवला तर सरळ फायदा मिळतो आणि टाकी वाढवली तर फायदा घटत जातो.

मग सगळ्यात जास्त आयएसपीचं इंजिन सगळ्यात चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. भाच्यालाही तसंच वाटत होतं. त्यासाठी गेममधलीच दोन इंजिनं समोर ठेवली. टेरियर: वजन अर्धा टन, निर्वातात आयएसपी ३४५. नर्व्ह: अणुभट्टीवर चालणारं, वजन ३ टन, आयएसपी ८००. (असं इंजिन खरोखर बनवायचा प्रयत्न अमेरिकेत झाला होता. नर्व्हा नावाच्या त्या प्रकल्पातली इंजिनं जमिनीवर चालवून बघितली गेली, पण १९७३ मध्ये प्रकल्प बंद झाला.) दोन्ही इंजिनांचा जोर अगदी सारखा, ६० किलोन्यूटन, त्यामुळं तुलना स्वच्छ होते. गेममधल्या टाक्यांचं ठरलेलं माप असं की भरलेली टाकी रिकाम्या टाकीच्या ९ पट जड.

समजा १ टनाचं छोटं यान आहे आणि सगळं मिळून वजन ६.२५ टनांच्या वर जाता कामा नये. टेरियर बसवलं तर इंजिनाचा अर्धा टन वजा जाऊन टाकीला ४.७५ टन उरतात. शिदोरी येते सुमारे ३,८०० मीटर प्रति सेकंद. नर्व्ह बसवलं तर ३ टन इंजिनातच गेले, टाकीला उरले २.२५ आणि शिदोरी येते ३,०२५. आयएसपी दुपटीहून जास्त असूनही नर्व्ह हरलं.

आता २० टनांचं यान घ्या आणि एकूण वजन ५० टन धरा. टेरियरची शिदोरी २,५१५, नर्व्हची ५,१३०. जागा बदलली आणि निकाल उलटा झाला. ५० टनांत इंजिनाचे ३ टन कुणाच्या खिजगणतीत नसतात, पण ६ टनांत तेच ३ टन म्हणजे अर्धं रॉकेट.

मोठ्या यानातही नर्व्हला आपली किंमत चुकवावी लागते, ती वेळात. त्याला ते २४ टन इंधन जाळायला ५२ मिनिटं लागतात, टेरियरला आपलं सगळं जाळायला पंचवीसच्या आत. ५२ मिनिटं ढकलत राहायचं म्हणजे यान कक्षेत बरंच पुढं जातं, नेम चुकतो, ढकलणं दोन-तीन फेऱ्यांत वाटून घ्यावं लागतं. टाकीवर न लिहिलेला हा खर्च खेळाडूच्या सबुरीतून वसूल होतो.

हा हिशेब झाला तेव्हा भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं पन्हाळ्याचे आकडे त्याच दोन कामांत घातले. लहान यानाला ३,६४० च्या आसपास, म्हणजे टेरियरच्या जरासं खाली. मोठ्याला २,८४३, म्हणजे टेरियरच्या वर पण नर्व्हच्या खूप खाली. "मग माझं इंजिन कुठं सगळ्यांना मारतंय? हरलंय की दोन्हीकडं," तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. अंतराळात पन्हाळा फार वांड नव्हता. तो वांड होता जमिनीवर, आणि ते समजायला हवा मध्ये आणावी लागते.

इंजिनाच्या नळकांड्यातून, म्हणजे नोझलमधून, वायू बाहेर येतो तेव्हा बाहेरची हवा त्या तोंडावर उलटा दाब देत असते. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस मीटरला सुमारे १०१ किलोन्यूटन. नोझलच्या तोंडाचा व्यास १ मीटर असेल तर क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ८० किलोन्यूटन जोर नुसता हवेशी झुंजण्यात गेला. निर्वातात ही कटकट नसते, म्हणून तिथली इंजिनं रुंद तोंडाची करतात. वायू जास्त पसरू दिला की त्याच्यातला दाब वेगात उतरतो आणि आयएसपी वाढतो. पण तेच रुंद तोंड जमिनीवर घात करतं.

गेममधल्या टेरियरची फाइल उघडली की हे समोरच दिसतं. वातावरण ० असताना आयएसपी ३४५, वातावरण १ असताना ८५. त्याच प्रमाणात जोरही ६० वरून १४.८ किलोन्यूटनवर येतो. म्हणजे ४५.२ किलोन्यूटन हवेनं खाल्ले. याला १०१ नं भागलं की तोंडाचं क्षेत्रफळ येतं ०.४५ चौरस मीटरच्या आत, आणि त्यावरून व्यास निघतो साधारण पाऊण मीटर. हा भाग गेममध्ये सव्वा मीटर रुंद टाकीखाली बसतो. म्हणजे पाऊण मीटरचं तोंड त्याला अगदी शोभतं! मला हा हिशेब फार आवडला. एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्यापर्यंत भौतिकशास्त्र आपल्याला हात धरून नेतं, आणि जिथं नेत नाही तिथं बहुधा आकडाच खोटा असतो. पन्हाळ्याचे ४०० आणि ३८० असेच खोटे होते. निर्वातातही उत्तम आणि हवेतही जवळपास तेवढंच उत्तम, असं नोझल करायला फार अरुंद तोंड आणि आत भयानक दाब लागेल.

२०१५ च्या पूर्ण आवृत्तीआधी हा गेमसुद्धा इथं थोडा ढिला होता. तेव्हा हवेत जोर तेवढाच राहायचा, फक्त इंधन जास्त जळायचं. त्यामुळं वरच्या टप्प्याचं, म्हणजे खालचा भाग गळून पडल्यावर पेटायचं इंजिन खाली लावलं तरी रॉकेट सुटायचं, महाग पडायचं इतकंच. नंतर तो नियम बदलून हवेत जोरच कमी होईल असं केलं, आणि मग टेरियर जमिनीवर लावणाऱ्याचं रॉकेट जागचं हलेना. एका नियमानं दोन गट वेगळे झाले, खालची इंजिनं आणि वरची इंजिनं. वीस इंजिनांचे आकडे खालीवर करत बसण्यापेक्षा असा एक नियम बरोबर बसवणं मला जास्त मोलाचं वाटतं.

सुटतानाचा दुसरा मुद्दा जोर आणि वजनाच्या गुणोत्तराचा, म्हणजे टीडब्ल्यूआरचा. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढावर अर्ध्या क्लचवर थांबलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. इंजिन घोंघावतंय, डिझेल जळतंय, चाक मात्र जागच्या जागी. रॉकेटचा जोर वजनाइतकाच असला तर नेमकं हेच होतं. सरळ वर चढताना दर सेकंदाला ९.८१ मीटर प्रति सेकंद शिदोरी गुरुत्वाकर्षण खाऊन टाकतं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न ५ चं हे गुणोत्तर सुटताना सुमारे १.२ होतं. गेममध्ये १.३ धरलं तर निभावतं.

इस्रोचं एलव्हीएम ३ बघा, ज्यानं १४ जुलै २०२३ ला चांद्रयान ३ वर नेलं. वजन ६४० टनांच्या घरात. त्याच्या सगळ्यात वर सीई-२० हे क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाचं इंजिन आहे, निर्वातात आयएसपी सुमारे ४४३. आणि जोर? २० टन तोलेल इतका. ते खाली लावलं तर रॉकेटचा बत्तिसावा भागच कसाबसा उचलला गेला असता. म्हणून खाली दोन एस २०० बूस्टर, प्रत्येकात सुमारे २०० टन घन इंधन. त्यांचा आयएसपी कमी, पण जोर प्रचंड. बूस्टरांचं काम संपत आलं की मधली 'विकास' नावाची दोन इंजिनं पेटतात, सुटल्यानंतर सुमारे दोन मिनिटांनी. सीई-२० ची पाळी सगळ्यात शेवटी येते, जेव्हा हवा मागं राहिलेली असते आणि रॉकेट खूप हलकं झालेलं असतं. एका रॉकेटमध्ये तीन स्वभावांची इंजिनं, आणि कुणाचीही जागा बदलली तर उड्डाण होणार नाही. गेम बनवणाऱ्याला याहून चांगला नमुना कुठं मिळणार?

इथं एक शंका येते, ती भाच्यालाही आली. मग सगळ्या इंजिनांचे खरे आकडेच का नाही घालायचे? जोड लावायची कटकटच नको.

कारण गेममधलं जग लहान आहे. कर्बिन हा त्यातला ग्रह ६०० किलोमीटर त्रिज्येचा, आपली पृथ्वी ६,३७१. ओढ मात्र तेवढीच ठेवलीय. परिणामी पृथ्वीच्या कक्षेत जायला तोटे धरून सुमारे ९,४०० मीटर प्रति सेकंद शिदोरी लागते, आणि कर्बिनच्या कक्षेला सुमारे ३,४०० पुरते. आता खऱ्या यंत्रांचे आकडे बघा. स्पेस शटलची मोठी केशरी टाकी रिकामी २६.५ टनांची होती आणि तिच्यात ७३५ टन इंधन मावायचं, म्हणजे पट २८ च्या वर. गेममध्ये ९. स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीचं मर्लिन हे खरं इंजिन स्वतःच्या वजनाच्या दीडशे पटींहून जास्त जोर देतं. गेममधलं रिलायंट देतं २० पट.

आम्ही कागदावर मांडून बघितलं. एकाच टप्प्याचं रॉकेट, आयएसपी ३१०, आणि सोय म्हणून वाटेतली हवा विसरायची. गेमच्या जड टाक्या आणि जड इंजिनं धरली तर १०० टनांच्या रॉकेटमधून १६ टनांचं सामान कर्बिनच्या कक्षेत जातं. खऱ्या हलक्या टाक्या आणि इंजिनं धरली तर २९ टन. खऱ्या जगात, तेही दोन-तीन टप्पे करून, शंभरातले ४ टन पोचले तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे खरे भाग या छोट्या जगात आणले तर कुठलंही रॉकेट कसंही बांधा, ते कक्षेत जाणारच. टप्पे करायची गरज उरत नाही, विचारच करावा लागत नाही. भाग जड धरलेत म्हणून तर डोकं चालवावं लागतं.

आता पन्हाळ्याच्या डागडुजीकडं. जमिनीवरून सुटायचं काम घेतलं. वर ५ टनांचं ओझं, एकूण वजन १६ टन. रिलायंटचे आकडे: वजन १.२५ टन, आयएसपी ३१० आणि जमिनीवर २६५, जोर २४० आणि जमिनीवर २०५. सुटताना गुणोत्तर १.३, शिदोरी २,३७२. पन्हाळ्याची शिदोरी ३,१८१, आणि जोर तर दीडपटीच्या आसपास. वजनानं हलका, आयएसपीत वर, जोरात वर. रिलायंटकडं एकही डाव उरलेला नाही. ही जोडच चुकीची.

दोन वाटा होत्या. ४०० चा आयएसपी ठेवायचाच असेल तर इंधन केरोसीन चालणार नाही, हायड्रोजन घ्यायला लागेल, आणि मग त्याचा त्रासही घ्यायला लागेल. द्रव हायड्रोजन कापसासारखा हलका असतो, एका घनमीटरमध्ये जेमतेम ७१ किलो. शटलच्या त्या टाकीत हायड्रोजन १०६ टनांच्या आसपास आणि ऑक्सिजन ६२९ टनांच्या आसपास, तरी जागा हायड्रोजनला जवळपास तिप्पट लागायची. इंजिनाचे आकडे जुळवताना टाकीसुद्धा तोलावी लागते ती अशी. भाच्याला एवढ्या मोठ्या टाक्या नको होत्या.

दुसरी वाट केरोसीनचीच, पण जास्त दाबाचं, अवजड, काटकसरी इंजिन. खऱ्या जगात अशी जोड आहे. रशियाचं आरडी-१८० हे केरोसीनवर चालणारं इंजिन निर्वातात ३३८ सेकंद देतं, पण स्वतःच्या वजनाच्या ७७ पटच जोर लावतं. मर्लिन साध्या रचनेचं. निर्वातात ३११ सेकंद, पण अंगानं सडपातळ, त्याची पट आरडी-१८० च्या दुपटीच्या आसपास. एक खातं कमी आणि बसतं जड, दुसरं उलट. दोन्ही इंजिनांवर मोठमोठी रॉकेटं उडाली.

म्हणून पन्हाळ्याचा जोर ३०० च ठेवला, वजन २ टन केलं, आयएसपी ३३० आणि जमिनीवर २९५. पुन्हा तेच १६ टनांचं काम. शिदोरी २,२४३. रिलायंट २,३७२ वर, म्हणजे जिंकलं. मग एकूण वजन २१ टन केलं. पन्हाळा १.३ च्या गुणोत्तरानं सुटतो आणि शिदोरी २,९०६. रिलायंटचा जोर २०५ आणि रॉकेटचं वजन २०६ किलोन्यूटन. ते लगेच सुटतच नाही, थोडं इंधन जळेपर्यंत तळावर धूर करत उभं राहतं आणि मग जेमतेम हलतं.

हे हातानं किती वेळ करणार? भाच्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला. आडव्या रांगेत ओझं, उभ्या रांगेत लागणारी शिदोरी, प्रत्येक चौकटीत सगळी इंजिनं घालून बघायची आणि ज्याच्यानं सगळ्यात हलकं रॉकेट होईल त्याचा रंग भरायचा. जुन्या पन्हाळ्याबरोबर जमिनीवरून सुटायचा तक्ता जवळपास सगळा केशरी, म्हणजे पन्हाळ्याच्या रंगाचा होता. नव्या पन्हाळ्याबरोबर मधे एक केशरी पट्टा उरला आणि कडेनं बाकीचे रंग परत आले. ज्या इंजिनाचा रंग कुठंच दिसत नाही ते मेलेलं. अशा वेळी आधी मेलेल्याला थोडं वर उचलावं, लाडक्याला खाली ओढू नये, असं माझं ठाम मत आहे. लाडक्या इंजिनावर लोकांनी रात्री जागून रॉकेटं बांधलेली असतात. एक आकडा बदलला की ती सगळी पडतात.

तक्त्याला सगळंच दिसतं असंही नाही. स्विव्हल हे इंजिन रिलायंटपेक्षा जड आणि जोरात कमी, जमिनीवरचा आयएसपीही कमी. नुसत्या आकड्यांवर सुटायच्या तक्त्यातून ते बाद व्हायला पाहिजे. पण त्याचं नोझल ३ अंश वळतं. वाऱ्यानं किंवा चुकलेल्या वजनानं रॉकेट कलायला लागलं की ते सावरतं. रिलायंट वळत नाही, त्याला पंख लावावे लागतात. नवा खेळाडू स्विव्हल उचलतो ते योग्यच करतो.

किमतीवर मात्र भरवसा ठेवू नये. गेमच्या करिअर प्रकारात पैसे मोजावे लागतात, सँडबॉक्स प्रकारात सगळं फुकट. इंजिन फक्त महाग करून आवरलं असेल तर सँडबॉक्समध्ये ते मोकाट सुटतं.

एका ठिकाणी मात्र खऱ्याला सोडून द्यावंच लागतं, ते आयन इंजिनाच्या बाबतीत. विजेनं झेनॉन वायू फेकणारं खरं एनस्टार इंजिन डीप स्पेस १ आणि नंतर डॉन या यानांवर उडालं. आयएसपी ३,१०० च्या आसपास, आणि जास्तीत जास्त जोर ०.०९२ न्यूटन, म्हणजे तळहातावरच्या एक-दोन नाण्यांच्या भाराएवढा. डॉन २००७ मध्ये निघालं आणि २०११ मध्ये व्हेस्टा या लघुग्रहाला पोचलं. असा जोर गेममध्ये घातला तर कोण बसेल? म्हणून गेममधल्या आयन इंजिनाचा जोर २ किलोन्यूटन ठेवलाय, खऱ्याच्या वीस हजार पटींहून जास्त. आयएसपी ४,२०० असला तरी भरपूर वीज लागते, सौरपट्ट्या वाहून न्याव्या लागतात, झेनॉन महाग. इथं भौतिकशास्त्र वाकवलं, पण माणसाच्या वेळेखातर वाकवलं, आणि त्याची भरपाई दुसरीकडून घेतली. मला ते पटतं.

गेल्या रविवारी शेवटची परीक्षा घेतली, घोळक्याची. एकटं इंजिन बरोबर असलं तरी पाच-सहा एकत्र बांधून कुणी मोठ्या इंजिनाला गिळू शकतं, आणि छोटं हलकं इंजिन असेल तर हमखास गिळतं. ४२ टनांचं रॉकेट, वर १० टन ओझं. दोन पन्हाळे लावले तर शिदोरी २,९०६. गेममधलं स्किपर एकटं लावलं तर २,९८५. १०५ टन आणि २५ टन ओझं घेतलं, पाच पन्हाळे: पुन्हा २,९०६. गेममधलंच मोठं मेनसेल एकटं: २,९९४.

"दोन्हीकडं थोडक्यात हरतंय," भाचा म्हणाला, आणि पेन्सिलीनं चौकटीत आकडा लिहून नोझल किती अंश वळवायचं ते विचारायला लागला. मी २ म्हणालो. त्यानं दीड ठेवलं.